चला, कोल्हापूरचा फुटबॉल पाहायला!

मिरा-भाईंदरमध्ये राहणाऱ्या आपल्या बहुतेक कुटुंबांची सुट्टी गावाकडची जत्रा, लग्नकार्य आणि सोयऱ्याधायऱ्यांच्या भेटी यांतच संपते. केवळ खेळ पाहण्यासाठी पदरमोड करून परगावी जावे, ही कल्पना आपल्याला नवीन वाटेल. परंतु इंग्लंडमध्ये कष्टकरी माणसांनी ती केव्हाच अंगवळणी पाडून घेतली आहे. टीव्हीवर दिसणारे कोट्यवधींचे क्लब सोडून तिथली हजारो माणसे शनिवारी लहान गावांच्या साध्या मैदानांवर जातात. कुंपणाला टेकून, चहाचा पेला हातात घेऊन आपल्या संघाला ओरडून धीर देतात. 1857 साली पोलादाच्या गावात स्थापन झालेला शेफील्ड क्लब हा जगातला सर्वांत जुना फुटबॉल क्लब मानला जातो. तो आजही अशाच खालच्या श्रेणीत खेळतो आणि त्याची माणसे त्याच्यामागे गावोगाव जातात.

असा फुटबॉल आपल्या महाराष्ट्रातही आहे. त्यासाठी विलायतेला जायला नको, एका रात्रीचा रेल्वे प्रवास पुरे. तो आहे कोल्हापुरात, छत्रपती शाहू स्टेडियमवर.

तालमीतून मैदानात

कोल्हापूर म्हटले की आपल्याला कुस्ती आठवते. पेठेपेठेत तालमी, तालमीत लाल माती आणि घुमणारे शड्डू. या तालमींनीच पुढे फुटबॉलही आपला केला, ही गोष्ट मुंबईकडच्या माणसांना फारशी ठाऊक नसते. संघांची नावेच पाहा: पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम, शिवाजी तरुण मंडळ, जुना बुधवार पेठ, संध्यामठ, प्रॅक्टिस क्लब. ही कुठल्या कंपनीची किंवा उद्योगपतीची नावे नव्हेत. ही वस्तीची नावे आहेत. ज्या मंडळात मुलगा लहानपणी व्यायामाला गेला, त्याच मंडळाची जर्सी घालून तो मैदानात उतरतो. त्याला पाहायला त्याची गल्ली येते.

कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, म्हणजे लोकांच्या तोंडी 'केएसए', या संघांचे साखळी सामने भरवते. हिवाळ्यात सुरू होणारा हंगाम वेगवेगळ्या चषक स्पर्धांसह उन्हाळ्यापर्यंत चालतो. या खेळाला राष्ट्रीय पातळीवरच्या व्यावसायिक लीगचे वलय नाही, तरी मोठ्या सामन्याला मैदान भरते. जागतिक स्पर्धा आली की ब्राझील आणि अर्जेंटिनाचे झेंडे पेठांत फडकतात, खेळाडूंचे उंच फलक उभे राहतात.

पायरीवरचे प्रेक्षक

इथे मऊ खुर्च्या नाहीत. सिमेंटच्या पायऱ्यांवर बसायचे, ऊन लागले तर डोक्याला रुमाल बांधायचा. खेळ इतका जवळ असतो की गोलरक्षकाची हाक आणि चेंडूला बसलेल्या लाथेचा आवाज कानावर येतो. शेजारी बसलेला वयस्कर गृहस्थ बहुधा स्वतः कधीकाळी खेळलेला असतो. "डावीकडनं काढ की रे!" असे तो मैदानातल्या पोराला सांगतो तेव्हा त्या पोराच्या बापालाही तो ओळखत असण्याची शक्यता असते. टीव्हीवरच्या सामन्यात हे सुख नाही.

परगावच्या पाहुण्याने मात्र काही पथ्ये पाळावीत. कोणत्या भागात कोणत्या तालमीची माणसे बसतात, हे आधी विचारून घ्यावे. कोणत्याही संघाच्या रंगाचा सदरा घालून दुसऱ्याच्या घोळक्यात जाऊ नये. पहिल्यांदा गेलात तर दोन्ही संघांच्या चांगल्या खेळाला टाळी द्या. पाहुणा खेळ समजून पाहतो आहे, हे दिसले की माणसे आपणहून सरकून जागा देतात आणि तालमीचा जुना इतिहास सांगू लागतात.

पायरीचे मोल

एका पायरीवर सर्वांनी बसणे ही आज साधी गोष्ट वाटते. या शहरात ती साधी नव्हती. ज्या राजाचे नाव या मैदानाला आहे, त्या राजर्षी शाहू महाराजांनी 26 जुलै 1902 रोजी मागासलेल्या वर्गांसाठी नोकरीत निम्म्या जागा राखल्या. 1919 मध्ये त्यांनी अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांच्या मुलांना सर्वांच्या शाळेत बसविण्याचा हुकूम काढला. गंगाराम कांबळे यांनी भाऊसिंगजी रोडवर 'सत्यसुधारक' हॉटेल काढले तेव्हा त्यांच्या हातचा चहा पिणार कोण, हा प्रश्न होता. महाराज स्वतः तिथे चहा प्यायले आणि सोबतच्या मंडळींनाही पाजला. पेठा आणि तालमी जातीच्या इतिहासापासून अलिप्त होत्या, असे कोणीही म्हणणार नाही. म्हणूनच सर्वांना खुले असलेले मैदान, सर्वांची एकच पायरी आणि एकच चहाचा गाडा यांचे मोल आपल्या मुलांना समजावून सांगायला हवे.

रिक्षावाल्याचा मुलगा

या मातीने केवळ पेठेपुरते खेळाडू दिले नाहीत. 2017 मध्ये सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक भारतात झाला. भारतीय संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. त्याचे वडील रिक्षा चालवत. अनिकेत पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत शिकला आणि देशाच्या जर्सीपर्यंत पोहोचला. भारत त्या स्पर्धेत अमेरिका, कोलंबिया आणि घाना या तिन्ही संघांशी हरला. परंतु कष्टकऱ्याच्या घरातला मुलगा विश्वचषकात खेळला, हे कोल्हापूर विसरलेले नाही. मुलींनीही मागे राहण्याचे कारण नाही. मुलींच्या राष्ट्रीय स्पर्धेचे सामनेही कोल्हापुरात झाले आहेत.

दुसरी बाजू

कौतुक करताना डोळे झाकू नयेत. ईर्षा हद्दीबाहेर गेली की समर्थकांत हाणामारी होते, बाटल्या आणि दगड फेकले जातात, पोलिसांना लाठी उचलावी लागते. अशा प्रकारांमुळे सामने थांबल्याचेही कोल्हापूरने पाहिले आहे. एकदा पोलिसात नाव गेले की गरीब घरातल्या मुलाची नोकरी अडते, परगावच्या कामाची संधी हुकते आणि कोर्टाच्या तारखा घरचा पैसा खातात. तालमीचा अभिमान त्यावेळी मदतीला येत नाही. दुसरी गोष्ट पैशाची. आफ्रिकेतून खेळाडू आणण्याची चढाओढ अनेक वर्षे चालली. त्यांच्याकडून शिकायला मिळते हे खरे, पण वस्तीतल्या मुलाने बाकावरच बसायचे काय, हा प्रश्न तिथलेच जाणते लोक विचारतात.

जायचे कसे?

मिरा रोड किंवा भाईंदरहून लोकलने दादर गाठावे आणि पूल ओलांडून मध्य रेल्वेच्या बाजूला जावे. मुंबईहून रात्री सुटणारी महालक्ष्मी एक्सप्रेस कल्याण, पुणे, सातारा, मिरज करीत सुमारे 500 किलोमीटरचा प्रवास करून सकाळी कोल्हापूरला पोहोचते. तिकीट आधी काढावे, सुट्टीच्या दिवसांत गर्दी फार असते. निघण्यापूर्वी सामना नक्की आहे ना, याची चौकशी अवश्य करावी. सामने दुपारनंतर असतात, त्यामुळे सकाळ मोकळी मिळते. ज्यांना शक्य असेल त्यांनी माणगावलाही जाऊन यावे. 21 आणि 22 मार्च 1920 रोजी तिथल्या परिषदेत शाहू महाराजांनी तरुण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना समाजाचा पुढारी म्हणून गौरविले होते.

येताना काय आणाल?

आपल्याकडे इमारती वाढल्या, मोकळ्या जागा आक्रसल्या. मुले उभ्या गाड्यांच्या फटीत चेंडू मारतात आणि वरून ओरडा खातात. क्रिकेटचे सामान महाग पडते. फुटबॉलला एक चेंडू आणि एक मोकळी जागा लागते, आणि दहा-वीस मुले एकाच वेळी खेळतात. कोल्हापूरच्या पेठांनी वर्गणीतून, वडीलधाऱ्यांच्या देखरेखीखाली संघ उभे केले आणि पिढ्यान्‌पिढ्या टिकविले. आपल्या मंडळांना, महिला मंडळांना हे अशक्य नाही. जयंतीच्या वर्गणीतून एक चेंडू आला, रविवारी सकाळी कोणा मोठ्या माणसाने शिट्टी गळ्यात अडकवली आणि महापालिकेकडे खेळाच्या मैदानासाठी नेटाने अर्ज केले, तर सुरुवात होईल.

या हंगामात वस्तीतली चार कुटुंबे मिळून एक सामना पाहून या. मुलांना पुढच्या पायरीवर बसवा. मुलींना आवर्जून न्या.