पात्र नाही, अपात्रही नाही. मग अर्ज गेला कुठे?

अर्ज वेळेत भरला, पोचपावतीही मिळाली. तरीही पात्र यादीत नाव नाही आणि अपात्र यादीतही नाही. अशा वेळी चूक अर्जदाराचीच असते असे नाही. डेटाबेसला घातलेली अटही चुकलेली असू शकते.

‘व्हेअर’ काय करते?
डेटाबेसमधील तक्त्यात प्रत्येक अर्जाची एक ओळ असते. हव्या त्या ओळी मागवण्याची भाषा म्हणजे एसक्यूएल. आयबीएमचे डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी ती १९७४ मध्ये मांडली. या भाषेत ‘व्हेअर’ या शब्दापुढे अट लिहितात. अट ज्या ओळींसाठी खरी ठरते, तेवढ्याच ओळी यादीत येतात.

रिकाम्या रकान्याचा घोळ
समजा, शिष्यवृत्तीसाठी उत्पन्न अडीच लाखांपेक्षा कमी हवे. एका विद्यार्थिनीचा उत्पन्नाचा रकाना रिकामा राहिला. डेटाबेस त्याला ‘नल’ म्हणतो. नल म्हणजे शून्य नव्हे, तर ‘माहीत नाही’. त्यामुळे ‘अडीच लाखांपेक्षा कमी’ ही अट तिच्यासाठी खरी ठरत नाही आणि ‘अडीच लाख किंवा जास्त’ हीसुद्धा नाही. ती दोन्ही याद्यांतून गळते. ‘= नल’ लिहूनही ती सापडत नाही. त्यासाठी ‘इज नल’ अशीच अट लागते.

कंसाची किंमत
‘तालुका जुन्नर ऑर तालुका आंबेगाव अँड उत्पन्न अडीच लाखांपेक्षा कमी’ ही अट वाचायला बरोबर वाटते. पण एसक्यूएल ‘अँड’ आधी सोडवते. त्यामुळे उत्पन्नाची मर्यादा फक्त आंबेगावला लागते आणि जुन्नरचे सगळेच पात्र ठरतात. दोन्ही तालुके एका कंसात घातले, की चूक सुटते.

पडताळणी कशी करावी?
● पात्र, अपात्र आणि माहिती अपुरी अशा तीन याद्या काढाव्यात. त्यांची बेरीज एकूण अर्जांइतकी यायला हवी.
● ओळी खोडण्याआधी तीच अट ‘सिलेक्ट’ला लावून पाहावी. ‘डिलीट’मध्ये ‘व्हेअर’ विसरले, तर तक्त्यातील सगळ्या ओळी जातात.
● अर्जदारांनी एकही रकाना रिकामा ठेवू नये. उत्पन्न नसेल तर शून्य लिहावे.

नाव कुठेच नसेल, तर पोचपावती घेऊन एवढेच विचारा: माझा अर्ज तिन्हींपैकी कोणत्या यादीत आहे?