श्वानांतील पचनविकार आणि पशुवैद्यकीय उपचारांची निकड

कुत्रा हा सहज ओकणारा प्राणी आहे. उकिरड्यावरचे खाऊन किंवा अधाशीपणे गिळून तो ओकतो आणि तासाभरात शेपूट हलवीत पुन्हा ताटलीपाशी येतो. या नित्याच्या अनुभवामुळे पाळणाऱ्याच्या मनात ओकारीविषयी बेफिकिरी उत्पन्न होते, आणि ओकारी ही गंभीर रोगाची नांदी असते तेव्हा हीच बेफिकिरी घातक ठरते. कोणते लक्षण घरी पाहत राहण्याजोगे आणि कोणते तात्काळ उपचारांची अपेक्षा करणारे, हे कोणत्या तत्त्वावर ठरवावे याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम दोन भेद ध्यानी घेतले पाहिजेत. ओकारीत पोटाचे स्नायू जोराने आकुंचन पावतात. उलट अन्ननलिकेतील विकारात न पचलेले अन्न अनायासे बाहेर पडते. तसेच लघ्वांत्राच्या अतिसारात मळ पुष्कळ व पातळ असून रक्त असल्यास डांबरासारखे काळे दिसते. बृहदांत्राच्या अतिसारात मळ थोडा थोडा, वारंवार, कुंथून होतो व त्यात शेंब आणि ताजे रक्त आढळते. पाळणाऱ्याने हे नीट सांगितल्यास निदानाचा अर्धा मार्ग सुकर होतो.

ओकाऱ्यांची संख्या मोजून धोक्याचे माप कळत नाही. खरे माप शरीरातील द्रवाचे आहे. प्रौढ कुत्र्याच्या वजनाचा सुमारे ६० टक्के भाग पाण्याचा असतो. वजनाच्या ५ टक्क्यांइतका द्रव गेला तरी बाहेरून फारसे काही दिसत नाही; १० ते १२ टक्के गेल्यास रुधिराभिसरण कोलमडू लागते. दोन किलो वजनाच्या पिल्लाच्या बाबतीत ही दुसरी मर्यादा म्हणजे अवघा २०० मिलिलिटर, अर्थात पेलाभर द्रव होय. प्रौढ कुत्र्याला दिवसभर थांबणे परवडते आणि पिल्लाला ते परवडत नाही, याचे कारण या हिशेबात आहे.

याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे पार्व्होविषाणूजन्य आंत्रदाह. हा रोग १९७८ मध्ये प्रथम ओळखला गेला आणि अल्पावधीत जगभर पसरला. मांजरांतील श्वेतपेशीनाशक रोगाच्या विषाणूशी निकटचे नाते असलेल्या एका विषाणूच्या आवरणातील मोजक्या अमिनो आम्लांत बदल झाले, आणि कुत्र्याच्या पेशींवरील ट्रान्सफेरिन-ग्राहकाला चिकटण्याचे सामर्थ्य त्याला लाभले. हा विषाणू वेगाने विभागणाऱ्या पेशींतच वाढतो. त्यामुळे आतड्याच्या अस्तराचे नूतनीकरण करणाऱ्या पेशी आणि अस्थिमज्जा या दोहोंवर एकाच वेळी घाला पडतो. अस्तर झडल्याने आतड्यातील जीवाणू रक्तात शिरतात आणि नेमक्या त्याच वेळी श्वेतपेशींचा तुटवडा असतो. विषाणूवर हमखास औषध नसले तरी शिरेवाटे द्रव, ओकारीप्रतिबंधक औषधे व योग्य प्रतिजैविके वेळेवर मिळाल्यास बहुसंख्य पिल्ले वाचतात. उपचारांविना बहुसंख्य दगावतात. सबब, लसीकरण अपुरे असलेले पिल्लू मलूल होऊन ओकू लागले तर रक्तमिश्रित जुलाबाची वाट पाहू नये. मातेकडून आलेली प्रतिपिंडे लसीला निष्प्रभ करू शकतात. म्हणून सहाव्या ते आठव्या आठवड्यापासून सुरू केलेली लसमालिका सोळाव्या आठवड्यापर्यंत किंवा त्यापुढे चालवावी लागते.

दुसरे माप मार्ग मोकळा आहे की बंद, हे होय. मक्याचे कणीस, आंब्याची कोय, चिंधी किंवा दोरा आतड्यात अडकल्यास ओकारी थांबत नाही, आणि अशा वेळी ओकारी दाबणारे औषध घरीच दिले तर केवळ लक्षण झाकले जाते. याहून भयंकर अवस्था म्हणजे जठराचा फुगारा व पीळ. ग्रेट डेन, जर्मन शेफर्ड यांसारख्या खोल छातीच्या मोठ्या कुत्र्यांत तो विशेषेकरून आढळतो. पोट ताठ फुगते, कुत्रा ओकण्याचा प्रयत्न करतो, परंतु लाळेखेरीज काही पडत नाही. फुगलेल्या जठराने मोठ्या शिरा दाबल्या जाऊन हृदयाकडे परतणारे रक्त अडते. येथे दिवसांचा नव्हे, तासांचा प्रश्न असतो.

शिवाय प्रत्येक ओकारीचे मूळ पोटात असतेच असे नाही. मूत्रपिंडाचा किंवा अधिवृक्क ग्रंथीचा विकार आणि गर्भपिशवी न काढलेल्या कुत्रीतील गर्भाशयाचा पू ही त्याची उदाहरणे होत. उंदरांसाठी ठेवलेले झिंक फॉस्फाइड पोटात गेल्यास जठरातील आम्लामुळे फॉस्फीन हा विषारी वायू निघतो. ओकारीतून तो माणसालाही बाधू शकतो, म्हणून अशा कुत्र्याला मोकळ्या हवेत ठेवूनच न्यावे. माणसांची आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामके कुत्र्याच्या जठरास व्रण पाडतात, हेही विसरता कामा नये.

एका प्रसंगी तर पाळणाऱ्याचाच जीव पणास लागतो. लाळ गळते, जबडा लोंबतो, गिळता येत नाही. घशात हाड अडकले असे वाटून माणूस तोंडात हात घालतो. ही लक्षणे अलर्क रोगाचीही असतात. अशा तोंडात हात घालू नये; घातला गेल्यास साबण व वाहत्या पाण्याने तो १५ मिनिटे धुऊन त्वरित वैद्यकीय सल्ला घ्यावा.

तात्पर्य, प्रौढ, लसीकरण झालेला, तरतरीत कुत्रा एकदोनदा ओकला किंवा एखादा दिवस पातळ शौचास झाला, आणि पाणी पोटात राहत असेल, तर चोवीस तास लक्ष ठेवणे पुरेसे असते. असा साधा अतिसार बहुधा प्रतिजैविकांविना थांबतो. परंतु पाणीही न टिकणे, रक्त पडणे, हिरड्या फिकट होणे, पोट फुगणे किंवा दुखणे, ग्लानी, विषाची शंका, यांपैकी एकही गोष्ट आढळल्यास, अथवा रोगी पिल्लू, वृद्ध किंवा आधीच व्याधिग्रस्त असल्यास, विलंब करू नये. पाळणाऱ्याने निदान करावे अशी अपेक्षा नाही. त्याने वेळ ओळखावी एवढीच आहे.