तिखट आवडायला कोण शिकवते?

नागपूरचे सावजी जेवण तुम्ही कधी चाखले आहे काय? रश्श्यावर लाल तर्री तरंगत असते, जेवणाऱ्याच्या नाकाडोळ्यांतून पाणी वाहते आणि तरीही तो म्हणतो, "अजून थोडा रस्सा वाढा!"

गंमत अशी की, जन्मतः कोणालाच तिखट आवडत नाही. खरे तर तिखट ही चवच नव्हे. मिरचीतील कॅप्सेसिन हे द्रव्य तोंडातील उष्णता आणि वेदना ओळखणाऱ्या मज्जातंतूंना चेतवते. म्हणजे आपण चक्क वेदना आवडीने खातो! हे आपल्याला शिकवले कोणी?

पॉल रोझिन या मानसशास्त्रज्ञाने मेक्सिकोतील एका खेड्यात याचा शोध घेतला. १९८० साली त्याचा लेख प्रसिद्ध झाला. तेथे मुलांवर तिखटाची सक्ती नव्हती. मोठी माणसे चवीने खाताना पाहून मुले हळूहळू आपणहून तिखट घेऊ लागत. त्याच गावातील कुत्री आणि डुकरे रोज तिखट उष्टे खात. पण निवड करू दिली, तर ती बिनतिखट घासच पसंत करत. तेव्हा नुसती सवय पुरत नाही, पंगतही लागते.

लीअन बर्च या संशोधिकेने लहान मुलांवर प्रयोग केले. १९८२ मध्ये तिला आढळले की, एखाद्या नव्या पदार्थाची चव मुलांनी जितक्या अधिक वेळा घेतली, तितका तो त्यांना अधिक आवडला. १९८४ च्या प्रयोगात उलटा प्रकार दिसला. 'हे पेय प्यायलास तर बक्षीस' असे म्हणताच मुलांची त्या पेयाची आवड घटली! मुलांना वाटले असावे, ज्याच्यासाठी लाच द्यावी लागते ते चांगले कसे असेल?

आता आपल्या ताटाकडे वळू. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार भारतातील १५ ते १९ वर्षे वयाच्या सुमारे ५९ टक्के मुलींना रक्तक्षय होता. त्याची कारणे अनेक आहेत; आहारात लोह कमी पडणे हे त्यांपैकी एक महत्त्वाचे. डाळी आणि पालेभाज्यांतील लोह शरीरात सहजी शोषले जात नाही. जेवणाबरोबर नागपूरचे संत्रे खाल्ले, तर त्यातील क जीवनसत्त्व या शोषणाला मदत करते. जेवणाला लागून घेतलेला चहा मात्र त्यात अडथळा आणतो.

पण भाजी ताटातच उरली तर? मग हा प्रयोग करा. नावडती एक पालेभाजी निवडा. ती घरात होईल तेव्हा सर्वांबरोबर बसून तिचा एकच घास घ्या आणि आवडीला पाचपैकी गुण देऊन ते वहीत लिहा. असे दहा वेळा करा. घरच्यांना सांगा, "रागावू नका, आमिष दाखवू नका, फक्त तुम्हीही ती भाजी खा."

दहाव्या घासाचे गुण पहिल्या घासाशी ताडून पाहा. जी जीभ मिरचीशी मैत्री करू शकते, तिला अंबाडीची भाजी का बरे जड जावी?