कोवळ्या ज्वारीतले विष

ज्वारी काढून झाली. धसकटे रानात तशीच राहिली. मध्येच एक पाऊस पडला आणि धसकटांना हिरवेगार फुटवे आले. भुकेला बैल दावे तोडून रानात शिरला. पोटभर चरला. थोड्याच वेळात तो धापा टाकू लागला. तोंडाला फेस आला, पाय लटपटले. आडवा झाला, तो उठलाच नाही.

मग गावात बोलणे सुरू होते. कोणी म्हणते, नजर लागली. कोणी म्हणते, शेजाऱ्याने विष घातले. बांधाचे जुने भांडण उकरून निघते. जाणती माणसे मात्र म्हणतात, "किरळ लागली." त्यांचेच खरे आहे. ते विष ज्वारीनेच तयार केलेले असते.

ज्वारीने विष कशाला करावे? असे पाहा. हरीण पळते, मांजर बोचकारते. झाडाला पळता येत नाही. किडा आला, शेळी आली, तरी ते जागीच उभे. बाभळीने काटे काढले. ज्वारीला काटे नाहीत. तिने विष केले.

पण मग ज्वारी आपल्याच विषाने का मरत नाही? खरी गंमत इथेच आहे. हळद पिवळी, चुना पांढरा. दोन्ही वेगळे आहेत तोवर काही होत नाही. एकत्र कालवले की लाल रंग होतो. ज्वारीचेही तसेच. पान बारीक बारीक कप्प्यांचे बनलेले असते. वरच्या सालीच्या कप्प्यांत धुरिन नावाचा पदार्थ असतो. त्यात विष साखरेला बांधलेले असते. हे बंधन तोडणारा दुसरा पदार्थ आतल्या कप्प्यांत असतो. गुराने पान चावले की कप्पे फुटतात, दोन्ही एकत्र येतात आणि सायनाइड हे जहाल विष सुटते. इजिप्तमधल्या कोवळ्या ज्वारीतून डन्स्टन व हेन्री या शास्त्रज्ञांनी 1902 साली धुरिन शोधले. तिकडे ज्वारीला धुरा म्हणतात, त्यावरून हे नाव.

सायनाइड गुराचा श्वास बंद करत नाही. हवा आत जाते, रक्तातही मिसळते. पण शरीराला ती वापरता येत नाही. ताट वाढलेले, आणि हात बांधलेले! म्हणून अशा गुराचे रक्त लालभडक दिसते.

रोपे लहान असताना विष फार असते. पाण्याचा ताण पडलेल्या पिकात आणि खोडव्याच्या फुटव्यांतही फार. युरिया जास्त दिला तर आणखी वाढते, कारण धुरिन बनायला नत्र लागते. म्हणून फुलोरा येईपर्यंत हिरवी ज्वारी चारू नये. उपाशी गुराला तर मुळीच नाही. किरळ लागलीच, तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका. गुरांच्या डॉक्टरला ताबडतोब बोलवा. सोडियम नायट्राइट आणि सोडियम थायोसल्फेट शिरेतून वेळेवर दिले, तर जनावर वाचते.

वाळलेल्या कडब्याची भीती नको. भाकरीचीही नको, पक्क्या दाण्यात हे विष जवळजवळ नसते. मात्र मटकीसारखे ज्वारीला मोड आणून कच्चे खाऊ नयेत. मोडात ते भरपूर असते. बांबूच्या कोवळ्या कोंबांतही याच जातीचे विष असते. ते कोंब चिरून उकळतात आणि पाणी फेकून देतात, ते याचसाठी.