कागदी समभाग ते डिमॅट : मालकीच्या पुराव्याचे स्थित्यंतर

भागप्रमाणपत्र हा समभागाच्या मालकीचा केवळ पुरावा होता. सभासदत्व मात्र कंपनीच्या नोंदवहीत नाव लागल्यावरच प्राप्त होत असे. कागदी व्यवहारातील बहुतेक अडचणी या दोहोंमधील अंतरातून उद्भवल्या. प्रस्तुत लेखात त्यांचे व त्यांवरील उपायाचे विवेचन केले आहे.

विक्रेता हस्तांतरणपत्रावर स्वाक्षरी करी; मुद्रांक लावून ते प्रमाणपत्रासह कंपनीकडे पाठविले जाई. कंपनी अधिनियम, १९५६ अन्वये कंपनीस त्यासाठी दोन महिन्यांची मुदत होती. नमुन्याशी स्वाक्षरी जुळली नाही की कागद परत येत. बाजारात यास 'बॅड डिलिव्हरी' म्हणत. पैसे मोजूनही खरेदीदार सभासद होत नसे. टपालात गहाळ झालेली, चोरीस गेलेली आणि बनावट प्रमाणपत्रे ही आणखी भर.

डिपॉझिटरी अधिनियम, १९९६ ने या पद्धतीस पर्याय दिला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये नॅशनल सिक्युरिटीज डिपॉझिटरीचे कामकाज मुंबईत सुरू झाले. गुंतवणूकदाराने प्रमाणपत्र आपल्या बँकेमार्फत वा दलालामार्फत सादर केले की ते रद्द होऊन तितके समभाग त्याच्या खात्यात जमा होतात. यातील कायदेशीर योजना मार्मिक आहे. कलम १० नुसार हस्तांतरणापुरती डिपॉझिटरी ही नोंदणीकृत मालक ठरते. मतदान व लाभांशाचे हक्क लाभार्थी मालकाकडेच राहतात. कलम ९ मुळे समभागांच्या विशिष्ट क्रमांकांचे प्रयोजन संपले. खात्यातील शंभर समभाग म्हणजे कोणतेही शंभर. बँकेतील शिलकीला नोटांचे क्रमांक नसतात, तसेच हे. जानेवारी २०२३ मध्ये सर्व समभागांना लागू झालेली एका दिवसाची व्यवहारपूर्ती कागदावर कल्पनेतही शक्य नव्हती.

ज्यांचे कागद घरातच राहिले, त्यांचे काय? १ एप्रिल २०१९ पासून 'सेबी'ने सूचिबद्ध कंपन्यांच्या कागदी समभागांचे हस्तांतरण थांबविले. मृत सभासदाचे समभाग वारसांच्या नावे करण्याची वाट खुली राहिली. २०२२ पासून तेही केवळ डिमॅट स्वरूपात. म्हणजे वडिलांच्या पेटीत सापडलेले प्रमाणपत्र रद्दी ठरत नाही, परंतु ते तसेच विकताही येत नाही. शिवाय सलग सात वर्षे लाभांश घेतला नसेल, तर कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम १२४ अन्वये ते समभाग गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे वर्ग होतात. लाभांशाची पत्रे जुन्या पत्त्यावर जात राहिलेल्या कुटुंबात ही मुदत नकळत उलटते. निधीकडून समभाग परत मिळतात. त्यासाठी वारसा सिद्ध करावा लागतो, आणि प्रमाणपत्रावरील आद्याक्षरांचे नाव व मृत्यूच्या दाखल्यावरील पूर्ण नाव एकाच व्यक्तीचे आहे, हेही.