सर्वांच्या पानांत वाढतां येईल असें ड्रेसिंग

गेल्या वर्षीं माझ्या भाचीच्या मुलाला एका वाढदिवसाच्या समारंभांतून थेट दवाखान्यांत न्यावें लागलें. मुलगा पांच वर्षांचा. त्याला दूध आणि काजू चालत नाहींत, ही गोष्ट त्याच्या आईनें यजमानीणबाईंना आधींच सांगून ठेवली होती. त्या बाईंनींही मोठ्या आपुलकीनें केक बाजूला सारला आणि मुलापुढें काकडी-गाजराच्या फोडी व पांढऱ्याशुभ्र, दाट ड्रेसिंगची वाटी ठेवली. "यांत अंडें मुळींच नाहीं हो, अगदीं शाकाहारी आहे," असेंही त्यांनीं सांगितलें. तें खरेंच होतें. अंडें नव्हतें, अंड्याच्या जागीं वाटलेले काजू आणि दुधाची साय होती. दहा मिनिटांच्या आंत मुलाचे ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या आणि आवाज बसूं लागला. डॉक्टर जवळच होते, इंजेक्शन वेळेवर मिळालें, मुलगा बरा झाला. परंतु त्यानंतर कित्येक महिने तो दुसऱ्याच्या घरीं पाण्यावांचून कांहींच घेईना.

त्या दिवसांत भाचीनें मला विचारलें, "मावशी, घरच्या घरीं असें कांहीं करतां येईल का, कीं जें एकाच वाटींतून सगळ्या मुलांना वाढतां येईल? याचें ताट निराळें मांडलें कीं त्याचा चेहरा मला बघवत नाहीं." आजचें भाषण म्हणजे त्या प्रश्नाचें उत्तर शोधतांना मला जें उमगलें तें होय.

अॅलर्जी हा शब्द व्हिएन्ना येथील बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनीं १९०६ सालीं योजला. रोगजंतूंशीं झुंजणारी जी यंत्रणा आपल्या शरीरांत असते, ती कांहीं माणसांच्या बाबतींत दुधांतील, अंड्यांतील किंवा शेंगदाण्यांतील निरुपद्रवी प्रथिनाला शत्रु समजते, त्याच्याविरुद्ध प्रतिद्रव्यें तयार करून ठेवते, आणि पुढें तोच पदार्थ पोटांत गेला कीं हिस्टॅमिनसारखीं द्रव्यें एकाएकीं मोकळीं सोडते. म्हणून "एवढ्याशानें काय होतें?" हा आपल्या वडीलधाऱ्यांचा प्रेमळ युक्तिवाद येथें लागू पडत नाहीं. एवढ्याशानेंही होतें.

दूध न पचणें आणि दुधाची अॅलर्जी असणें, या दोन गोष्टींची आपल्याकडे नेहमीं गल्लत होते. दुधांतील साखर पचविणारें लॅक्टेज हें पाचक द्रव्य कमी असलें म्हणजे पोट फुगतें, जुलाब होतात. अशा माणसाला दहीं पुष्कळदां सोसतें. परंतु ज्याला दुधांतील प्रथिनाचीच अॅलर्जी आहे त्याला दहीं, ताक, खवा, पनीर यांपैकीं कांहींही चालत नाहीं. शेळीचें दूधही बहुधा चालत नाहीं, कारण दोन्ही दुधांतील प्रथिनें एकमेकांशीं फार मिळतींजुळतीं असतात. आपल्या मुलाचा प्रकार यांतील कोणता, हें डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावें. शेजारणीच्या अनुभवावरून ठरवूं नये.

आतां मूळ पदार्थाकडे वळूं. पाश्चात्य पद्धतीचीं जीं दाट ड्रेसिंगें आहेत त्यांपैकीं बहुतेकांचा पाया मेयॉनीज. तेल आणि लिंबाचा रस किंवा सिरका हीं एकमेकांशीं नांदत नाहींत, हें आपण जाणतोंच. अंड्याच्या बलकांतील लेसिथिन आणि प्रथिनें मध्यस्थाचें काम करतात; एका अंगानें तेलाला धरावयाचें, दुसऱ्या अंगानें पाण्याला. तेल थेंबाथेंबानें घालीत घोटलें म्हणजे त्याचे अतिसूक्ष्म कण होतात, प्रत्येक कणाभोंवतीं या मध्यस्थाचें वेष्टन बसतें, आणि ते कण पुन्हां एकत्र होऊं शकत नाहींत. असे असंख्य कण प्रकाश विखुरतात म्हणून पिंवळें तेल आणि पिंवळा बलक मिळून फिकट, सायीसारखा पदार्थ होतो. मोहरीची पूडही याच कामास हातभार लावते.

अंडें नको असेल तर मग काय करावें? येथें सुगरणी ज्या वाटा सुचवितात, त्यांतील निम्म्या वाटा दुसऱ्याच खड्ड्याकडे जातात. काजू वाटून घातले तर काजूची अॅलर्जी असलेल्यांचें काय? ती अॅलर्जी तर विशेष तीव्र असूं शकते. तिळाचें वाटण घ्यावें तर तीळही निर्धोक नाहींत. अमेरिकेनें २०२१ सालच्या कायद्यानें तिळाला प्रमुख अॅलर्जीकारक पदार्थांत नववें स्थान दिलें आहे. सोयाबीनच्या दुधाचीही तीच कथा. २०१४ सालीं फ्रान्समधील ज्योएल रोसेल यांनीं असें दाखविलें कीं, कडधान्यें शिजविलेल्या पाण्याला अंड्याच्या पांढऱ्याप्रमाणें फेस येतो. पुढच्याच वर्षीं अमेरिकेंतील गूस वोल्ट यांनीं त्या पाण्याला अक्वाफाबा असें नांव दिलें. शोध मोठा चतुर आहे, आणि हरभऱ्याच्या पाण्याचें मेयॉनीज उत्तम साधतें, हें मीं करून पाहिलें आहे. परंतु हरभरा हा शेंगदाण्याचाच भाऊबंद. आपल्या देशांत हरभऱ्याची अॅलर्जी असलेलीं माणसें आहेत. सर्वांच्या पानांत वाढावयाचें तर तें पाणी नको.

बाजारच्या बाटलीविषयीं दोन शब्द. हिरव्या ठिपक्याचा अर्थ पदार्थ शाकाहारी आहे इतकाच. त्यांत दूध असूं शकतें. आपल्या देशाच्या २०२० सालच्या लेबलविषयक नियमांप्रमाणें ग्लूटेनयुक्त धान्यें, कवचधारी जलचर, दूध, अंडीं, मासे, शेंगदाणे व कवचीचीं फळें, सोयाबीन आणि ठराविक प्रमाणाच्या वर सल्फाइट, यांची वेगळी सूचना वेष्टणावर द्यावी लागते. मोहरी आणि तीळ या यादींत नाहींत. युरोपच्या चौदा पदार्थांच्या यादींत ते आहेत. म्हणून ज्या घरीं मोहरी किंवा तीळ वर्ज्य आहेत, त्यांनीं केवळ ठळक अक्षरांतील सूचनेवर न विसंबतां घटकांची बारीक अक्षरांतील संपूर्ण यादी वाचावी, चष्मा लावून वाचावी.

माझें ड्रेसिंग तांदळाचें आहे. तत्त्व असें कीं, तेलाला धरून ठेवणारा मध्यस्थ नसला तरी भोंवतालचें पाणीच इतकें दाट करावें कीं तेलाच्या कणांना एकमेकांकडे सरकतांच येऊं नये. जत्रेच्या गर्दींत चुकलेले दोन भाऊ हांकेवर असूनही भेटत नाहींत, तसें. तांदळाचें पीठ पाण्यांत शिजलें म्हणजे त्यांतील पिष्टाचे कण पाणी पिऊन फुगतात आणि ही दाटी आणतात. तांदूळ बहुतेक सर्वांना सोसतो.

वीस ग्रॅम तांदळाचें पीठ २५० मिलिलिटर थंड पाण्यांत गुठळी न राहील असें कालवावें आणि मंद विस्तवावर सारखें ढवळीत ठेवावें. पांचसहा मिनिटांत तें खिरीसारखें दाट व किंचित् चकचकीत होतें. कच्च्या पिठाचा वास गेला कीं उतरावें आणि पातेलें थंड पाण्याच्या परातींत ठेवून कोमट होईपर्यंत ढवळावें, नाहींतर वर साय धरते. मग मिक्सरच्या भांड्यांत घालून त्यांत ३० मिलिलिटर ताज्या लिंबाचा रस, पाऊण चहाचा चमचा मीठ, एक चमचा साखर व थोडी मिरपूड घालावी. लिंबाचा रस शिजतांना घालूं नये. आंबटासह फार वेळ उकळलें कीं पिष्ट तुटतें आणि दाटी जाते. बाटलीबंद रसांत सल्फाइट असूं शकतें, म्हणून ताजें लिंबूच बरें. मिक्सर चालूं ठेवून ८० ते १०० मिलिलिटर तेल अगदीं बारीक धारेनें सोडावें. पाहतां पाहतां मिश्रण पांढरें होतें. फार घट्ट वाटलें तर उकळून निववलेलें पाणी चमचाभर घालावें. आवडीप्रमाणें कोथिंबीर, पुदिना, एखादी हिरवी मिरची. खरें मेयॉनीज खाल्लेल्या माणसाला ही चव किंचित् साधी वाटेल, तें मीं नाकारीत नाहीं; पण काकडीवर, उकडलेल्या बटाट्यावर आणि बारीक चिरलेल्या कोबीवर तें फार छान लागतें.

तेल शुद्ध केलेलें करडईचें किंवा सूर्यफुलाचें घ्यावें. घाण्यावरचें शेंगदाणा तेल किंवा तीळतेल नको. त्यांत मूळ दाण्याचीं प्रथिनें शिल्लक असतात. आणि पीठ? येथें माझी स्वतःची चूक सांगतें. पहिल्या वेळीं मीं गिरणींतून तांदूळ दळून आणले. त्याच जात्यांतून माझ्या आधीं कोणाचे तरी गहूं दळले गेले असणार, हें माझ्या ध्यानींही आलें नाहीं. आमच्या मुलाला गहूं चालतो म्हणून निभावलें. ज्यांच्या घरीं गहूं वर्ज्य आहे त्यांनीं तांदूळ धुऊन, भिजवून घरींच वाटावेत; दोन चमच्यांचा तर प्रश्न.

याहून सायीदार हवें असेल तर पाण्यापैकीं निम्मा भाग नारळाच्या दाट दुधाचा घ्यावा. तें शिजलेल्या पिठांत शेवटीं मिसळावें. कोंकणांतील सोलकढीची ज्यांना गोडी आहे त्यांना हा प्रकार सांगावयास नको. नारळाची अॅलर्जी क्वचित् असते, तरी असते; पाहुण्यांना विचारून घ्यावें. सूर्यफुलाच्या सोललेल्या बिया चार तास भिजवून, लिंबाच्या रसासह वाटूनही दाट ड्रेसिंग होतें. मात्र त्यांत खाण्याचा सोडा पडूं देऊं नये, नाहींतर रंग हिरवट होतो. पण सुक्या मेव्याच्या दुकानांत तोच मापाचा डाव काजूच्या बरणींतून निघून बियांच्या बरणींत जातो, हें मीं डोळ्यांनीं पाहिलें आहे. घ्यावयाच्या तर बंद पाकिटांतील, आणि पाकीट वाचून.

सर्वांत मोठा धोका मात्र पदार्थांत नसून भांड्यांत असतो. आपल्या घरांत शेंगदाण्याचें कूट रोजचें. मिक्सरच्या झांकणाखालीं जें रबराचें कडें असतें तें काढून पाहा; घांसून धुतलेल्या भांड्यांतही त्याच्या खांचेंत कालच्या कुटाचा लेप सांपडेल. भाजल्यानें शेंगदाण्याचा अॅलर्जीचा गुण जात नाहीं, आणि पाट्यावरवंट्याचीं छिद्रें तर कितीही धुतलीं तरी निर्मळ होत नाहींत. म्हणून अशा घरांत मिक्सरचें एक भांडें निराळें ठेवावें, त्याचें कडें निराळें, चमचा निराळा. वाढतांनाही दह्याच्या कोशिंबिरींतला चमचा इकडे येऊं देऊं नये. लग्नाच्या पंगतींत हें साधत नाहीं, घरीं साधतें.

हें ड्रेसिंग स्वच्छ, उकळत्या पाण्यानें धुतलेल्या बाटलींत भरून लगेच शीतकपाटांत ठेवावें. शिजलेलें पीठ बाहेर राहिलें कीं लौकर बिघडतें, विशेषतः उन्हाळ्यांत. तीन दिवसांत संपवावें. नारळाचें असेल तर त्याच दिवशीं. कच्ची लसूण घातली असेल तर तें बाहेर मुळींच ठेवूं नये; तेलांत बुडालेल्या लसणींत प्राणघातक विष निर्माण करणारे जंतु वाढूं शकतात, आणि त्याचा वासही येत नाहीं. दुसऱ्या दिवशीं थोडें पाणी सुटलेलें दिसेल, तें हलविलें कीं मिळून येतें.

एवढी काळजी घेऊनही कोणाला खाल्ल्यावर श्वास लागला, आवाज घोगरा झाला किंवा घेरी आली, तर गोळी देऊन वाट पाहत बसूं नये. अॅड्रेनलिनचें इंजेक्शन हाच त्यावरचा पहिला उपाय. तें जवळ असेल तर तत्काळ द्यावें आणि रुग्णास विलंब न लावतां इस्पितळांत न्यावें. त्याला उठवून चालवूं नये.

यंदाचा वाढदिवस भाचीच्या घरींच झाला. मोठ्या काचेच्या वाडग्यांत तांदळाचें ड्रेसिंग मध्यें ठेवलें होतें, आणि वाडग्याला तिनें कागद चिकटविला होता: तांदूळ, पाणी, करडईचें तेल, लिंबू, मीठ, साखर, मिरीं, पुदिना. मुलगा आतां अक्षरें जुळवून वाचूं लागला आहे. त्यानें बोट ठेवून आठही नांवें वाचलीं, 'करडई' म्हणजे काय तें विचारून घेतलें, आणि मग सर्वांच्या आधीं आपली वाटी पुढें केली.