तारांची उंची

इलेक्ट्रिक गिटार शिकताना बोटे फार दुखली, तर निराश होण्याआधी तारांची उंची पाहा. तारा ज्या आधारावर टेकतात, त्याला घोडी म्हणतात. घोडी उंच असली, तर तार दांडीवरच्या पडद्यावर दाबायला जास्त जोर लागतो आणि स्वरही चढतो. फार खाली असली, तर तार पुढच्या पडद्यांना लागून खरखरते.

१९५४ साली अमेरिकेत आलेल्या स्ट्रॅटोकास्टर गिटारच्या घोडीत प्रत्येक तारेला स्वतंत्र आधार व त्याला दोन बारीक पेच असतात. छोट्या किल्लीने दोन्ही पेच थोडेथोडे, सारखेच फिरवा. तार पुन्हा सुरात लावा. प्रत्येक पडद्यावर वाजवून ऐका. सतराव्या पडद्यापाशी तार सुमारे १.६ मिलिमीटर वर असली, म्हणजे बोटांना त्रास होत नाही आणि स्वरही स्वच्छ निघतो.